तिसरी किल्ली

पेटी ओडुम लाकडाची,
आमच्याच सुताराने केलेली, डावीकडे किंचित कललेली.
तिला तीन कुलपं. किल्ल्या तिघांकडे:
एक माझ्याकडे,
एक हिशेबाच्या एसिनामबाईंकडे,
तिसरी झिकुनूसाहेबांच्या खिशात,
आणि साहेब त्या दिवशी नदीपलीकडे,
चुलत्याच्या दफनाला.

काम म्हणजे मासळीबाजारामागचं गटार,
तीनशे चाळीस मीटर, झाकणांसहित.
आक्राच्या पेपरात जाहिरात दोनदा आली,
त्यातली एकदा आमच्या गावाचं एक अक्षर खाऊन.

दोनच्या ठोक्याला मी पेटीच्या फटीवर कागद चिकटवला,
सही केली, शिक्का मारला.
बाकावर ठेकेदारांची माणसं,
इस्त्रीचे शर्ट, हार्मॅटनच्या धुळीने गुडघ्यापर्यंत एकाच रंगाची.

दोन वाजून चार मिनिटांनी आला एफो आग्बेको.
गवंडी. गावातली निम्मी गटारं त्याच्या हातची.
तुंबतात ती उरलेली.
ट्रोट्रोचं टायर पुलाजवळ बसलं म्हणाला,
पुढचं चालत आला.
लिफाफा सदऱ्याच्या आत, घाम लागू नये म्हणून
वर प्लास्टिकची पिशवी,
बायको सुकी मासळी देते ना, तसली.
वास आमच्या खोलीभर झाला.

मी म्हटलं, वेळ संपली.
त्याने घड्याळाकडे पाहिलं. मग पेटीकडे.
‘उघडली?’
‘नाही. तिसरी किल्ली यायचीय.’
‘म्हणजे किल्लीला उशीर चालतो.’

याचं उत्तर नियमांत आहे,
कलमाचा आकडाही मला पाठ आहे.
मी तो सांगितला नाही.
वहीत लिहिलं: उशिरा प्राप्त, न उघडता परत.
खाली त्याने सही केली, सावकाश,
एकेका अक्षराला ओळंबा लावून.

झिकुनूसाहेब पावणेचारला आले
काळ्या-तांबड्या कापडात, रडून घोगरे झालेले.
किल्ली खिशात सापडेना. मग सापडली.
तीन लिफाफे निघाले.
मी आकडे मोठ्याने वाचले, पेसव्यांसकट.
एकावर सहीच नव्हती.
एकाची बँकेची हमी गेल्याच महिन्यात सरलेली.
उरला तो आक्राचा.
सर्वांत कमी, आम्ही इतिवृत्तात लिहिलं,
आणि ते खोटं नव्हतं.

फेब्रुवारीत खोदाई सुरू झाली.
मोजणीला गेले तर खड्ड्यात एफो आग्बेको,
रोजंदारीवर, थापी त्याची स्वतःची.
कंपनीने हाताखाली ठेकेदार नेमला,
त्याने मुकादम, मुकादमाने याला.
माझ्या तक्त्यात यासाठी रकाना नाही.

‘नकाशातला उतार चुकलाय,’ तो खालूनच म्हणाला.
‘पाणी शाळेच्या अंगाला जाईल.
पाण्याला नकाशा वाचता येत नाही.’
बदल करायचा तर अर्ज, अर्जावर इंजिनियरचा शेरा,
शेऱ्यावर समितीची बैठक,
आणि बैठकीला तिन्ही किल्ल्यावाले लागतातच असं नाही,
पण येत नाही कोणीच.
मी टेपचं टोक धरून उभी होते.
त्याने दोरी दोन बोटं खाली घेतली,
खिळा ठोकला, माझ्याकडे न बघता.
मी मोजलेल्या लांबीचा आकडा लिहिला.
लांबी बरोबर होती.

मे महिन्यात बाजारात गुडघाभर पाणी असायचं,
यंदा चपला कोरड्या.
शेवटचं बिल मीच पास केलं,
फाइल बांधली, नाडीला गाठ दिली.

लिफाफा त्याच्याकडे अजून आहे म्हणे, बंद.
आतला आकडा कितीचा, हे मला
कधी कधी रात्री विचारावंसं वाटतं.
सकाळी मी मासळी घ्यायला जाते.
त्याची बायको आता नव्या झाकणावर बसते,
शाळेच्या कोपऱ्यापासून सातव्या.
तागडी खाली ठेवताना ती एकदा
झाकणावर टाच आपटून बघते,
मग मला विचारते, किती देऊ?