केसांचा वास

प्रातो शहरात, बिझेंझिओ नदीच्या अलीकडे
देल्फो बांकेल्ली एकेचाळीस वर्षं चिंध्या निवडतोय.
डोळे मिटून निवडतो. म्हणतो, रंग फसवतो,
लेबल तर शपथेवर खोटं बोलतं.
बोटांना बोलता येत नाही,
म्हणून त्यांचं तेवढं खरं.

याली त्याच्या हाताखाली, सहावा महिना.
गासडी फोडली की परक्या घरांचे वास सुटतात,
डांबरगोळ्या, तंबाखू, भिजलेला कुत्रा.
पहिल्याच आठवड्यात तिनं विचारलं होतं, ओळखायचं कसं?
त्यानं एक धागा ओढला, काडी लावली.
"हुंग."
जळलेल्या केसांचा वास. चिमूटभर राख, फुंकताच गेली.
"ही लोकर. आपण मेंढी होतो हे ती विसरत नाही."
मग दुसरा धागा.
तो जळण्याआधीच आक्रसला, काळा मणी झाला,
टणक, बोटाला चिकटून चटका देणारा.
"हा कधी कुणीच नव्हता.
म्हणून मरतही नाही."

बटणं काढायची, चेन कापायची, अस्तर फाडायचं,
शिवणी वेगळ्या.
राखाडीचेच सतरा ढीग: कबुतरी, शिशाचा, पावसाळी, उंदरी.
सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात,
इथं सुंभ वाचवायचा, पीळ काढायचा,
आणि पुन्हा नवा घालायचा.

गुरुवारी एक कोट निघाला.
मोहरीचा रंग, किमतीची चिठ्ठी अजून लोंबती,
तीनदा खोडलेली किंमत.
कुणाच्याही खांद्याला न लागलेला.
यालीनं काखेतली शिवण उलटली
आणि हात थांबला.
शेवटी तीन टाके मागे, चौथा तिरका.
असा तिरका टाका एकच बाई घालते,
याली शाळेत गेली त्या वर्षी
जिच्या अंगठ्यातून सुई आरपार गेली होती.

देल्फोनं काडी लावली. मणी.
"टाक तिकडे."
तिकडे म्हणजे जिथून काहीच परत येत नाही.
तिनं तो पिशवीत कोंबला.

रात्री दीड वाजता रुइफेन कारखान्यातून आली.
कोट पाहिला. आधी शिवण ताणून बघितली.
"पक्की आहे."
"हो."
"उसवलेली नाही कुठं?"
"नाही."
"मग?"

यालीनं धागा ओढला, काडी लावली.
सिंकच्या कडेला काळा मणी ठक् वाजला.
आई बराच वेळ काही बोलली नाही.
मग कानामागचा एक पांढरा केस उपटून
तिनं तोच ज्योतीवर धरला.
"आणि हे? हे घेतात का तुमच्याकडे?"
दोघी हसल्या. स्वयंपाकघरभर वास राहिला.

सोमवारी नवे तागे आले, तेव्हा रुइफेननं मालकाला विचारलं
हे शेवटी जातं कुठे.
तो म्हणाला, ट्रकमध्ये.
भाव नगावर, नग रात्रीवर,
तिनं मान खाली घालून मशीन सुरू केलं.

फक्त अस्तराला आता ती साखळी टाका घालते,
पोत्याच्या तोंडाला असतो तसला.
घालणाऱ्याला कळणार नाही,
पण योग्य टोक धरून ओढलं
की सर्रकन सुटेल, कात्री न लावता.
तपासणाऱ्यानं दोन नग परत केले. बाकीचे गेले.
जन्मभर पक्कं शिवलेली बाई
सैल कुठं सोडायचं ते शिकतेय, पंचावन्नाव्या वर्षी.

कोट परत यायला पूर्वी वीस वर्षं लागायची, देल्फो सांगतो.
हल्ली एक हिवाळा पुरतो.

याली प्रत्येक गासडीतल्या प्रत्येक कोटाचं
अस्तर आधी ओढून बघते.
अजून एकही सुटलेलं नाही.
"काय शोधतेस?" तो डोळे मिटूनच विचारतो.
"टोक," ती म्हणते,
आणि पुढचा कोट घेते.