आईला सगळं माहीत आहे

चिल्दिरच्या सरोवरावर अजून हातभर बर्फ आहे.
बेकिर दिवसभर घोड्याच्या घसरगाडीतून
बाहेरगावच्या लोकांना फिरवून आणतो,
संध्याकाळी घोडा पुसून काढतो
आणि शेगडीशी बसून पैसे दोनदा मोजतो.
एप्रिलच्या सुट्टीत इस्तंबूल. चार दिवस.
तसं ठरलंय.

मी सिमेंटवाल्याच्या कॅलेंडरचा
जानेवारी फाडून पालथा घातलाय.
एल्वान सांगते, मी लिहिते.
तिच्या शाळेच्या पुस्तकात घुमट आहेत, मनोरा आहे,
जमिनीखाली खांबाखांबांचं पाण्याचं टाकं आहे,
त्यातल्या एका खांबाखाली
एका बाईचं डोकं म्हणे उलटं ठेवलंय.
"उलटं का?" तुंजाय विचारतो.
तो सहा वर्षांचा. त्याच्या यादीत एकच गोष्ट:
सरकता जिना.
वर. मग खाली. मग परत वर.

त्यानं समुद्र पाहिलेला नाही.
"समुद्रावर घसरगाडीचे किती घेतात?"
बोट, मी म्हणते, तिथे बोट असते.
"आणि हिवाळ्यात?"
हिवाळ्यातही बोटच.
तो बापाकडे असा बघतो
की तिकडे धंद्याचं काही खरं नाही.

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात.
एसेनयुर्टला नणंदेकडे अंथरुणं दोन, पाय आठ.
तिथून मनोऱ्यापर्यंत दीड तास, दोनदा बदलून.
मत्स्यालय खोडलं.
तिकिटाचा आकडा ऐकून बेकिर म्हणाला,
मासे आपल्याकडे काय कमी आहेत?
बर्फाला भोक पाडलं की येतात वर.
एल्वान काही बोलली नाही.
पेन्सिलीला टोक करत होती, ते मोडलं.
मत्स्यालय मी पुन्हा लिहिलं,
कोपऱ्यात, बारीक अक्षरात.

मग ती म्हणाली, आई, तू तर राहिलीयेस तिथं.
अख्खं एक वर्ष.
तूच सांग ना, बघण्यासारखं काय आहे?

सतरा वर्षांची होते.
मेर्तेरला, शिलाईच्या कारखान्यात, तळघरात.
मी कॉलर लावायचे. दिवसाला चारशे.
वर, छताला लागून, एक जाळीची खिडकी,
वीतभर उंचीची.
तिच्यातून इस्तंबूल दिसायचं. घोट्यापर्यंत.
उंच टाचांचे बूट, शाळेचे बूट,
आणि एक मांजर, रोज साडेचारला
आमच्याकडे पाठ करून बसायचं
नेमका उजेड अडवून.
रविवारी आम्ही केस धुवायचो आणि झोपायचो.
समुद्र मला परतीच्या बसमधून दिसला,
पूल संपेपर्यंत. रात्र होती.
दिवे हलत होते, म्हणजे खाली पाणी असणार.

"मनोरा," मी म्हणाले. "मनोऱ्यावरून सगळं दिसतं."
"सगळं?"
"सगळं. वारा फार असतो पण. टोप्या घ्याव्या लागतील."
वाऱ्याचं तेवढं मी पदरचं घातलं.

बेकिरला माहीत आहे.
तो घोड्याचा पट्टा शिवत होता,
मान वर न करता म्हणाला,
इथे येणारी माणसं पाच मिनिटांत म्हणतात,
झालं बघून.
आपण एक काहीतरी नीट बघू.
आणि दोरा दातानं तोडला.

दिवा मालवण्याआधी मी शेवटच्या ओळीखाली लिहिलं: मेर्तेर.
सकाळी एल्वाननं वाचलं.
"इथे काय आहे?"
"एक खिडकी आहे," मी म्हणाले. "बाहेरून बघायची."
"तिकीट?"
"नाही."
तिनं पुढे बाण काढून लिहिलं, फुकट,
आणि बाबाला नेऊन दाखवलं.

तुंजाय एक बूट घालून दारात उभा होता,
दुसरा हातात.
"तिथे सरकता जिना आहे?"

जिना आहे, मी म्हणाले.
सरकत नाही तो.