मुंग्या

आमच्या कचराभट्टीत महिन्यातून दोन-तीनदा
बार उडतो.
काळ्या पिशवीत, बटाट्याच्या सालींखाली
कुणीतरी टाकी दडवलेली असते,
तळाशी थोडा वायू उरलेली.
जाळी वाकते, काम चार तास बंद.
चेर्ड कॉफी ओतत म्हणायचा,
"ग्रोनिंगनमध्ये कुणाची तरी पार्टी झाली!"
आम्ही हसायचो.

येल्मर म्हणाला, बाबा, पायाला मुंग्या येतात.
मी म्हटलं, बूट बदल.
मग म्हणाला, मुंग्या गुडघ्यापर्यंत आल्यात.
मी म्हटलं, वीस वर्षांचा आहेस, ऊठ, सायकल काढ.
सायकल त्यानं कालव्याच्या कठड्यावर घातली.
तेही हसण्यावारी नेलं,
त्यानंही, मीही.

इस्पितळात डॉक्टरबाईंनी
थरथरता काटा त्याच्या घोट्यावर टेकवला.
"काही कळतंय?"
तो त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला,
परीक्षेत शेजाऱ्याच्या पेपरात डोकावावं तसा.
"पाय जुळव. आता डोळे मिट."
मिटले, आणि ओल्या पोत्यासारखा
माझ्या अंगावर आला.

पायाखालची जमीन सरकते म्हणतात.
जमीन होती तिथंच होती.
फक्त तिची बातमी वर पोचत नव्हती.

जीवनसत्त्व आहे रक्तात, बाई म्हणाल्या,
पण वायूनं ते निकामी केलंय.
किल्ली खिशात, दाते झिजलेले.
आता इंजेक्शनं. आणि वाट बघणं.
किती फुगे?
आधी शनिवारी दोन, येल्मर छताकडे बघून म्हणाला.
पुढचा आकडा सांगण्याआधी
त्यानं मला बाहेर जायला सांगितलं.

काय मिळतं रे त्यात? मी गाडीत विचारलं.
पूल ओलांडून गेल्यावर बोलला:
"अर्धं मिनिट.
डोक्यात पंखा घुमतो, सगळे लांबून हसतात,
आणि आपण कशात नापास झालो
ते आठवत नाही."

आणि रिकाम्या टाक्या?
"कचऱ्यात.
बटाट्याच्या सालींखाली.
तुम्हाला दिसू नयेत म्हणून."

चेर्डला मी हे सांगितलेलं नाही.
बार उडाला की तो अजून तेच म्हणतो,
मी कपात बघतो.

रात्री बोळातला दिवा आता विझवत नाही.
अंधारात त्याला स्वतःचे पाय सापडत नाहीत,
प्रत्येक पाऊल तो डोळ्यांनी टाकतो.
दोनच्या सुमारास
भिंतीवरून घासत जाणारा तळहात ऐकू येतो,
मग नळ,
मग पुन्हा भिंत.
खोलीपर्यंत अकरा पावलं आहेत.
मी नवव्यावर श्वास धरतो.