काठोकाठ

ताम्पेरेत नोव्हेंबरात साडेतीनलाच दिवे लागतात.
तळघरातल्या खोलीत तेव्हा पडदा उजळतो:
दोन पायांची बादली, काठोकाठ भरलेली,
दीपगृहाचा जिना चढायचाय. एवढंच.

तुओमो म्हणतो, लबाड आहे हा खेळ.
नवव्या पायरीवर मी थांबतो, पाणी थांबत नाही.
दिवसभर ट्राम चालवतो तो;
ब्रेक दाबला की उभी माणसं कशी पुढे झुकतात
हे त्याला कुणी शिकवायला नको.
तरी चिडतो.

व्हेन्लाचं मत: घर्षण चुकलंय,
ओली पायरी अजून निसरडी हवी.
अकरा वर्षांची आहे. काल वर पोचली,
बादलीत घोटभर उरलं होतं,
तेही तिनं खिडकीतून
समुद्रात ओतून दिलं.

सिर्क्का सहसा मत देत नाही.
झटक्यानंतर उजवा हात थरथरतो,
म्हणून डाव्यानं खेळते.
तिसरी पायरी. सांडलं. पुन्हा तिसरी.
"वजन खरं आहे," म्हणाली एकदा,
कॉफीचा कप
दोन्ही हातांनी
ओठांपर्यंत आणताना.

तुओमोनं बशी तिच्याकडे सरकवली
आणि परत शिव्या घालत बसला
नवव्या पायरीला.