पाच सूत

लतीफचाचा मिलिमीटर म्हणत नाहीत.
तीन सूत, पाच सूत, इंच दोन सूत.
धरणगावच्या त्या पत्र्याच्या वर्कशॉपात
माप आधी कानानं घ्यावं लागतं.
त्यांचे वडील पिंजारी,
खांद्यावर धनुकली घेऊन गावोगाव गाद्या पिंजायचे.
चाचांनी तांत सोडली, लेथ मशीन धरलं,
सूत तेवढं तोंडात राहिलं.

मी आयटीआयची. जळगावला दोन वर्षं घासून आलेली.
व्हर्नियर माझं स्वतःचं, निळ्या पेटीतलं.
त्याच्यावर वरच्या अंगाला इंचांचीही एक ओळ आहे,
तिकडे मी पाहिलं नव्हतं,
ती परीक्षेला नव्हती.

दिवाळीनंतरचा मोसम. छाजेडांच्या जिनिंगातून निरोप:
सात नंबरचा बोल्ट गेला, लगेच पाहिजे.
चाचा नमाजाला निघालेले. पायरीवरूनच म्हणाले,
"पाच सूत. करी टाक, पोरी."
पाच भागिले आठ, गुणिले पंचवीस पूर्णांक चार:
पंधरा पूर्णांक आठ सात पाच.
सर म्हणाले असते, राउंड ऑफ कर.
केला. सोळा.
दोन मिलीच्या पिचचे आटे पाडले, चकचकीत,
वर्तमानपत्रात गुंडाळून दिला, वर माझं नाव टाकून.

नटात तो दोन फेरे गेला.
दोन फेरे काहीही जातं.
तिसऱ्याला अडला, तेव्हा सुपडूनं पान्याला पाइप लावला
आणि लोखंडाची समजूत घातली.

रात्री दोनला सुरी सरकली.
रोलरचं चामडं फाटलं, चामड्याच्या कपच्या रुईत,
त्या पाळीची सगळी रुई बाजूला काढली,
दाराशी ट्रॅक्टर उभे, कापसावर दव.
कोणाला लागलं नाही.
हे मी आधी सांगायला हवं होतं.
सुपडूचं नख काळं पडलं, तेवढं.

सकाळी चाचांनी मोडका बोल्ट आणि जुना बोल्ट
एकाला एक लावून उजेडात धरले.
पहिला आटा जुळत होता, दुसरा जवळजवळ,
चौथा थेट दरीत.
"दख," ते म्हणाले, "सूत जुळनं नही."
एवढंच. ते रागावले नाहीत,
याचाच मला दिवसभर राग.

दुपारी डबा न उघडता फरक काढला.
सोळातून पंधरा पूर्णांक आठ सात पाच गेले,
उरला मिलीचा एक अष्टमांश.
बरोबर अष्टमांश, वर काही नाही.
इंचाचा आठवा भाग म्हणजे सूत.
म्हणजे मी चुकले तेही एका सुतानंच,
मिलीच्या घरातल्या सुतानं.
चाचांना सांगितलं. त्यांना ते इतकं आवडलं
की चहावाल्याला सांगितलं, छाजेडांच्या मुनीमाला सांगितलं,
मला नको होतं तरी.

नवा बोल्ट त्यांनी केला. मी शेजारी उभी.
गिअर बदलताना ते काही पुटपुटत होते,
मला वाटलं दुआ असेल.
अकराचा पाढा होता.
इंचाला अकरा आटे.
नट बोटानंच बसला, शेवटपर्यंत, आवाज न करता.

आता बिलं मी लिहिते.
बोल्ट, पाच सूत, नग एक.
मुनीम फोन करतो: म्हणजे किती मिली, ताई?
मी आकडा सांगत नाही.
जुना नट घेऊन या, म्हणते.