चुकलं तरी एक

माझ्या दुकानात बातम्या डोक्यावरून येतात.
कुठल्या हिरोनं कानावर रेघ मारून घेतली
ते पेपरच्या आधी मला कळतं:
पोरगं मोबाईल पुढं धरून बसतं, असंच पायजे.
मागं एका हिरॉइनचा संसार मोडला
तेव्हा पेठेतल्या चौघांनी दाढ्या वाढवल्या.
का, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

धैर्यशील निगवेकरचं डोकं
मी जावळापासून ओळखतो. मागं दोन भोवरे.
दोन भोवऱ्यांचा दोन लग्नं करतो म्हणतात,
यानं दोन चेंडू केले.

फायनलच्या आदल्या रात्री अख्खी टीम माझ्याकडं,
अकरा डोकी, अकरा सोनेरी पट्टे.
दुसऱ्या दिवशी शाहू स्टेडियमवर
शेवटची पेनल्टी. धैर्यानं बार वाजवला.
वस्तरा वाटीवर आपटला की
अजून तो आवाज येतो.

पेठेनं त्याला शिवी दिली नाही.
तालमीसमोरच्या चहावाल्यानं रोजच्यासारखा चहा दिला,
आणि पैसे घेतले.
बारा वर्षांत पहिल्यांदा घेतले.

मग वेल्डिंगचा कोर्स, व्हिसा,
मेलबर्नच्या पुढं तासभर कुठलंसं गाव.
रात्री गोदामात खोकी भरायची, संध्याकाळी मैदान.
एकदा फोन आला:
मामा, इथं ह्यालाच फुटबॉल म्हणत्यात,
पण चेंडू पपईगत.
हातात धरायचा. धरून पळायचं.
मी म्हटलं, आणि शिट्टी?
वाजत न्हाई, मामा.

तालमीत आम्ही त्याला एकच गोष्ट
रोज ओरडून शिकवली होती, हात मागं घे.
हात ऐकत राहिले,
आणि आपली पाळी कधी येते बघत राहिले.

त्याच्याबरोबर एक आयर्लंडचा पोरगा,
त्याच्या गावचा फुटबॉल आणखी तिसराच.
एक सुदानचा, बास्केटबॉल सोडून आलेला,
दारातनं वाकून येतो म्हणे.
घाईत तिघंही चुकतात,
ज्याचा त्याचा जुना खेळ मधेच पायात येतो.

दर शुक्रवारी त्याचे वडील दाढीला येतात,
शिरोलीच्या फौंड्रीतनं, कानात काळी वाळू घेऊन.
त्यात गोल कसा रं धरत्यात, त्यांनी विचारलं.
मी ऐकीव सांगितलं: खांब चार.
मधल्या दोनातनं गेला तर सहा.
कडेच्या फटीतनं गेला, म्हणजे चुकला, तर एक.
ते उठून बसले, अर्ध्या गालावर फेस.
चुकल्यालाबी देत्यात?
एक.
आमच्यात चुकलेलं कास्टिंग परत भट्टीत जातंय.
पुढं काही बोलले नाहीत.
मी वस्तरा बाजूला धरून थांबलो,
गळा हलत होता त्यांचा.

परवाच्या रविवारी पुरवणीत, पान चार,
वर त्याच हिरॉइनचं दुसरं लग्न,
तीन फोटो आणि शालूची किंमत,
खाली तिकिटाएवढा आपला धैर्या,
हवेत उंच, दोन्ही हात चेंडूला.
आडनाव निगडेकर छापलेलं.
मी पेनानं ‘ड’चा ‘व’ केला,
कात्रीनं कापून आरशावर चिकटवला.
पाठीमागं कुठल्याशा हिरोची जाहिरात होती,
दुकानात वाफ झाली की
त्याचे दात धैर्याच्या छातीतनं दिसतात.

पार्सलनं एक पपई इकडंही आलीय.
गांधी मैदानावर पोरं लाथाडतात.
टप्पा पडला की ती कुठं जाईल ते तिलाही माहीत नसतं.
त्या फायनलला समोरच्या गोलात उभा होता
तो मुल्लाणींचा सोहेलही येतो, उलटी टोपी घालून,
तिच्या मागं वेड्यासारखा पळतो.
चहावाला अजून सगळ्यांकडून पैसे घेतो,
महागाई म्हणतो.

आज एक शाळकरी पोरगं खुर्चीत बसलं,
आरशावरच्या तिकिटाकडं बोट केलं:
असंच पायजे.
मी त्याचं डोकं फिरवून मागं बघितलं.
भोवरा एकच होता.
तरी मारलं पाणी, घेतली कात्री.