वाटणीपत्र

बेलापूरच्या कोर्टात वकिलाने यादी वाचली:
घणसोलीचा वन-रूम-किचन, तुझा.
कीबोर्ड, दोन स्पीकर, त्यातला एक फाटका, माझे.
फ्रिजचं नावच कुणी घेतलं नाही.
कपाटातले चंदेरी बूट,
तू म्हणालीस, भंगारात द्या.

शिपाई मघापासून बघत होता.
शेवटी आलाच. "मॅडम, तुम्ही सुझीच ना?
आमच्या वरातीत तुमचंच गाणं वाजवलेलं."
तू हसलीस, ते स्टेजवरचं,
ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून सुरू होणारं.
बाकांवर माणसं आपापले संसार उसवत बसलेली
आणि हा विचारतोय, एक फोटो काढू का.
मीच काढला. सवय.

सुगंधा मढवी.
तळवलीच्या मांडवात हळदीला गायचीस,
माइक मनगटाहून जाड.
पहाटे आवाज बसला की आई
लवंग चावून तुझ्या जिभेवर ठेवायची.
त्या रात्री मी बदली वादक, कळव्याहून आलेला,
मला तुझी पट्टीच सापडेना.
गाता गाता वळून ओरडलीस,
"काली पाच धर रं, काली पाच!"
आपलं जमलं ते एवढ्यावरच.

बापाचं मिठागर सिडकोत गेलं.
साडेबारा टक्क्यांतला तुझा वाटा
तू कॅसेटीत घातलास.
भाऊ वर्षभर बोलला नाही.
कंपनीने आधी आडनाव कापलं, मग नाव,
मग केस.

पाम बीच रोड तेव्हा अर्धाच झालेला.
त्या अर्ध्या रस्त्यावर व्हिडिओ:
मागे चिखलात फ्लेमिंगो,
पुढे तू, टाचांना फोड.
कट म्हटलं की मी बूट उतरवून
मच्छीवाल्याकडचा बर्फ तुझ्या पायांवर फिरवायचो.
शूटिंगभर पायांना बोंबलांचा वास.
टीव्हीवर वास येत नाही, हेच बरं, म्हणायचीस.

मग ते एक वर्ष.
तलावपाळीला पाणीपुरी खाताना
पोरांनी गराडा घातला,
पाणीपुरीवाल्याने पैसे घेतले नाहीत,
आणि तुझी एक चप्पल गेली ती गेलीच.

दुसरी कॅसेट पडली.
तिसरी निघालीच नाही.
तिसऱ्या महिन्यात नगरचा शो होता.
रद्द करू, मी म्हणालो.
अॅडव्हान्स खर्च झालाय, तू म्हणालीस.
परतताना गाडीत मागच्या सीटवर
तू खिडकीकडे तोंड करून झोपलीस,
निदान मी तसं समजलो.
त्यावर आपण नंतर कधीच बोललो नाही.
यादीतही ते नव्हतं.

"आणि गाण्याचे हक्क?" साहेबांनी विचारलं.
वकील म्हणाला, ते कंपनीकडे.
कंपनी कुणाकडे, ते त्यालाही माहीत नव्हतं.
म्हणजे वाटायला काही नाही,
असं म्हणून त्यांनी पान उलटलं.

पायऱ्यांवर तू विचारलंस,
"अंतऱ्यातली ती उतरती जागा,
ती तुझी होती ना?"
तुझी, मी म्हणालो.
"मला वाटायचं तुझी."
थोडा वेळ आपण दोघं
ती एकमेकांना देत राहिलो.

रिक्षावाल्याने घणसोलीचे भलतेच पैसे सांगितले.
तू पदर खोचलास आणि भांडलीस,
कंपनीच्या आधीच्या आवाजात.
खिशात माझं बोट
आपोआप सुट्ट्या नाण्यांवरून सरकत
काळी पाचवर जाऊन थांबलं.